जंताची गोळी घेऊनही पोरांच्या पोटात जंत परत का होतात?

नवी मुंबई / पनवेल : अंगणवाडीत किंवा शाळेत वर्षातून एकदा-दोनदा एक गोळी वाटली जाते. बाई समोर उभ्या राहून ती चावून खायला लावतात, वर पाणी पाजतात आणि वहीत नावापुढे खूण करतात. संध्याकाळी पोरगं घरी सांगतं, आज जंताची गोळी दिली. त्यावर बऱ्याच घरांतून एकच प्रश्न येतो, "मागच्या वेळी दिली होती ना, मग परत कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गोळीत कमी आणि अंगणातल्या मातीत जास्त आहे.

राष्ट्रीय जंतनाशक दिन देशात १० फेब्रुवारी २०१५ पासून सुरू झाला. पहिल्या वर्षी ११ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत तो राबवला गेला, महाराष्ट्र त्यात होता. पुढच्या वर्षी तो देशभर नेण्यात आला. १ ते १९ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीला ॲल्बेंडॅझोल नावाची गोळी द्यायची, असा हा कार्यक्रम. तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट अशा ठरलेल्या असल्या, तरी राज्यात त्या पुढेमागे होतात. त्यामुळे कॅलेंडरपेक्षा आशाताई किंवा अंगणवाडी सेविका काय सांगते तिकडे कान ठेवलेला बरा. त्या दिवशी जी मुलं राहतात त्यांच्यासाठी काही दिवसांनी दुसरा दिवस असतो, त्याला मॉप-अप दिन म्हणतात.

तिसऱ्या क्रमांकाच्या शहरातही

नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये देशात तिसरी आली. मग इथे जंत कुठून, असं कुणालाही वाटेल. पण सिडकोने १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर जे शहर वसवलं, ते सगळं एका मापाचं नाही. एका बाजूला सेक्टर, टॉवर, घरात नळ आणि संडास. दुसऱ्या बाजूला दिघा-तुर्भ्याच्या टेकडीलगतच्या वस्त्या, बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, खारघरच्या डोंगरावरचे आदिवासी पाडे आणि पनवेल, कर्जत, खालापूर पट्ट्यातल्या कातकरी वाड्या. यातल्या ज्या ठिकाणी घरोघर संडास नाही किंवा आहे पण पाणी नाही, तिथे माणूस उघड्यावर जातो. जंताचं सगळं चक्र या एका गोष्टीवर चालतं. जंत माणसाच्या पोटात वाढत नाहीत, म्हणजे पोटात अंडी फुटून शंभराचे हजार होत नाहीत. मोठ्या जंताची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, मातीत तयार होतात आणि मगच पुढच्या माणसाला लागतात. मातीशिवाय त्यांचं काम पुढे जात नाही.

त्यात आपली कोकणपट्टी म्हणजे जंतांना मानवणारी जागा. ऊब आहे, ओल आहे, सावली आहे. जून ते ऑक्टोबर माती सुकतच नाही. कडक उन्हात तापलेल्या कोरड्या मातीत आकडीच्या अळ्या मरतात, पण पावसाळ्यात झाडाखालच्या ओल्या जमिनीत त्या तीन-चार आठवडे टिकून राहतात.

जंत एक नाही, तीन-चार जातीचे

लोक सरसकट 'जंत' म्हणतात, पण प्रत्येकाची वाट वेगळी आणि त्रासही वेगळा.

गोल जंत सगळ्यांच्या ओळखीचा. गांडुळासारखा लांब, पांढरट-गुलाबी, १५ ते ३५ सेंटीमीटरपर्यंत. एक मादी दिवसाला साधारण दोन लाख अंडी घालते. ही अंडी मातीत दोन ते चार आठवड्यांत तयार होतात आणि मातीच्या हातांनी, न धुतलेल्या भाजीतून, उघड्या पाण्यातून तोंडात जातात. अंड्याचं कवच इतकं चिवट की अनुकूल मातीत ती वर्षानुवर्षे टिकू शकतात. पोटात गेल्यावर अळी सरळ आतड्यात राहत नाही. रक्तातून फुप्फुसात जाते, खोकल्यासोबत घशाशी येते, गिळली जाते आणि मग आतड्यात येऊन मोठी होते. म्हणून कधी कधी जंत लागलेल्या पोराला आधी खोकला आणि धाप होते. हा सगळा प्रवास दोन-तीन महिन्यांचा असतो.

आकडीचा जंत, ज्याला अंकुशकृमीही म्हणतात, तो जेमतेम सेंटीमीटरभर लांब. दिसायला काहीच नाही, पण नुकसान याचंच जास्त. हा बहुतेक वेळा तोंडातून येत नाही, अनवाणी पायातून येतो. विष्ठेतली अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, पाच ते दहा दिवसांत अळी माणसाला लागण्याजोगी होते आणि ओल्या मातीवर पाय पडला की कातडीतून आत शिरते. शिरलेल्या जागी खाज सुटते, बारीक पुरळ येतं. भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या वेगळ्या. पण खाजणाऱ्या पायाकडे पाहून चिखल्या कुठल्या आणि आकडीची खाज कुठली हे सहसा ओळखता येत नाही, म्हणून तिकडे कुणी लक्षही देत नाही. हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. एका जंताने जाणारं रक्त थेंबाएवढंही नसतं. पण पोटात असे शंभर असतील आणि पोरगं रोज भात-मिरचीवर असेल, तर वर्षभरात अंगातलं लोह संपतं. पोर पांढरं पडतं, खेळता खेळता बसतं, वर्गात पेंगतं. मास्तर म्हणतात आळशी आहे.

चाबकाचा जंत साधारण चार सेंटीमीटरचा, पुढचं टोक केसासारखं बारीक. तो मोठ्या आतड्यात डोकं खुपसून राहतो. थोडे असले तर कळतही नाही. खूप झाले तर आव पडते, रक्त पडते आणि लहान मुलांमध्ये कुंथून कुंथून शौचाची जागा बाहेर येते.

चौथा सुताचा जंत. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा, मादी सेंटीमीटरच्या आसपास. याला माती लागत नाही, त्यामुळे वाशी-नेरूळच्या सातव्या मजल्यावर, फिल्टरचं पाणी पिणाऱ्या घरातही तो आरामात सापडतो. मादी रात्री शौचाच्या जागेजवळ येऊन अंडी घालते. तिथे खाज सुटते, पोर खाजवतं, अंडी नखात जातात, नखातून तोंडात आणि चादर-चड्डीवर. कपड्यांवर ही अंडी दोन-तीन आठवडे जगतात. एका पोराला झालं की भावंडांना होतंच. पोर रात्री झोपेत कळवळत असेल, मुली सारखी पुढची जागा खाजवत असतील, तर झोपल्यावर तासाभराने टॉर्च लावून पाहावं, जंत हलताना दिसतो. डॉक्टर सकाळी अंघोळीच्या आधी त्या जागेवर सेलोटेप लावून तपासणीला घेतात. साध्या शौच तपासणीत हा जंत बऱ्याचदा सापडत नाही.

दात खाणं, गोड खाणं, तोंडावरचे डाग

पोरगं झोपेत दात खातंय म्हणजे जंत झाले, हे प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. दात खाण्याचा आणि जंतांचा पक्का संबंध सिद्ध झालेला नाही. जंत नसलेली मुलंही दात खातात. गूळ-साखर जास्त खाल्ल्याने जंत होतात हेही खरं नाही. साखरेत जंताची अंडी नसतात, ती गूळ धरलेल्या हातात असतात. तोंडावर फिकट पांढरे चट्टे आले की 'जंताचे डाग' म्हणून घरीच गोळी दिली जाते. ते चट्टे बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे असतात, काळाने जातात. गोळीने गेले असं वाटतं, कारण ते तसेही जाणारच होते.

माती खाणाऱ्या पोराकडे मात्र नीट लक्ष द्यावं. तिथे गाठ दोन्ही बाजूंनी आहे. मातीतून जंत येतात, जंतांनी रक्त कमी होतं आणि रक्त कमी झालं की काही मुलांना माती, खडू, भिंतीचे पोपडे खावेसे वाटतात. अशा पोराला रागवून काही होत नाही. रक्त तपासून लोहाचं औषध आणि जंताची गोळी, दोन्ही लागतं.

आणखी एक गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. जंत असलेल्या बऱ्याच मुलांना काहीच त्रास दिसत नाही. पोट दुखत नाही, उलटी नाही, जंत पडत नाहीत. म्हणूनच शाळेत 'कुणाला जंत झालेत?' असं न विचारता सगळ्यांना गोळी देतात. एकेका पोराची शौच तपासायला जेवढा खर्च आणि वेळ लागेल, त्याच्यापेक्षा गोळी कितीतरी स्वस्त आहे आणि जंत नसलेल्या मुलाने घेतली तरी ती अपाय करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही अशीच आहे. जिथे २० टक्क्यांहून जास्त मुलांना जंत आहेत तिथे वर्षातून एकदा, ५० टक्क्यांच्या वर असतील तर दोनदा.

गोळी कशी द्यायची

१ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, दोन चमच्यांत चुरून पाण्यात कालवून. २ ते ३ वर्षांच्या मुलाला पूर्ण ४०० मिलिग्रॅमची गोळी, पण तीही चुरूनच. ३ ते १९ वर्षांपर्यंत पूर्ण गोळी, चावून आणि वर पाणी. वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायची नाही.

यातलं चुरणं आणि चावणं ही वरवरची सूचना नाही. लहान पोराच्या घशात अख्खी गोळी अडकून जीव गुदमरू शकतो. पोरगं रडत असताना नाक दाबून, मान मागे करून गोळी कोंबणं हे तर अजिबात करू नये. नको म्हणत असेल तर थांबावं, मॉप-अपच्या दिवशी द्यावी. गोळी घरी नेऊ देत नाहीत याचंही कारण हेच, आणि शिवाय घरी नेलेली गोळी खुंटीवरच्या पिशवीत वर्षभर राहते हा अनुभव आहे.

त्या दिवशी ताप असेल, जुलाब असतील, पोर आजारी असेल तर गोळी पुढे ढकलावी. आधीपासून काही औषध चालू असेल, विशेषतः फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी देत नाहीत. आपल्याकडे कमी वयात लग्नं होतात, तेव्हा १७-१८ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हे विचारायला आशाताईंनी लाजू नये.

गोळी घेतल्यावर काही मुलांना मळमळतं, एखादी उलटी होते, पोटात कळ येते, चक्कर येते. ज्यांच्या पोटात जंत जास्त त्यांना हा त्रास जास्त, कारण आत जंत मरत असतात. सावलीत आडवं करावं, पाणी पाजावं, तास-दोन तासांत उतरतं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत एक मूल उलटी करतं आणि ते बघून दहा मुलांना मळमळायला लागतं, मग गोळीतून विषबाधा झाल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरते. उलटी थांबत नसेल, अंगावर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर मात्र वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

दुसऱ्या दिवशी जंत पडले नाहीत म्हणून गोळी लागू पडली नाही असं समजू नये. बहुतेक जंत आतच मरून विरतात, बाहेर दिसतीलच असं नाही.

एक डोस सगळ्या जंतांवर सारखा चालत नाही, हेही माहीत असावं. गोल जंतावर एका गोळीचा गुण चांगला येतो, आकडीवर बऱ्यापैकी, चाबकाच्या जंतावर फारच कमी. सुताच्या जंताला दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, तोही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. सोबत नखं कापणं, सकाळी उठल्या उठल्या अंघोळ, चादरी-चड्ड्या न झटकता गरम पाण्यात धुणं. हे केलं नाही तर औषध वाया जातं. आणि लांबलेला जुलाब प्रत्येक वेळी जंताचाच असतो असं नाही. जिआर्डिया, अमिबा हे जंत नव्हेत, त्यांच्यावर शाळेतली एक गोळी पुरत नाही. महिनाभर पोट बिघडलेलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात, पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात डॉक्टरांना दाखवून शौच तपासून घ्यावी.

घरगुती औषधांचं काय, हा प्रश्न येतोच. वावडिंग, डिकेमाली, ओवा, कारल्याचा रस, पपईच्या बिया, एरंडेल. यातल्या ओव्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून आकडीच्या जंताविरुद्ध मोठी मोहीम निघाली. तिथे शेतमजुरांची पोरं अशीच पांढरीफटक आणि सुस्त, लोक त्यांना आळशी म्हणायचे. त्या मोहिमेत वापरलेलं मुख्य औषध होतं थायमॉल, म्हणजे आपलं ओव्याचं फूल. तेव्हा आजीचा ओवा अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण चिमूटभर ओव्यात जंत मारण्याइतकं थायमॉल नसतं, आणि जास्त मात्रेत ते पोरालाच बाधतं, म्हणून पुढे ते मागे पडलं. घरच्या काढ्यात मात्रा किती हे कुणालाच मोजता येत नाही. ओवा पोटफुगीला द्यावा, जंतांना गोळीच द्यावी. त्या मोहिमेत आणखी एक गोष्ट कळली होती. औषध देऊन परत आलं की काही महिन्यांनी तेच लोक पुन्हा आजारी. मग त्यांनी घरोघर संडासाचा खड्डा खणायला सांगायला सुरुवात केली.

सहा महिन्यांत किती परत येतात

आता मूळ प्रश्नाकडे. गोळी पोटातले आजचे जंत मारते, उद्या येणाऱ्यांना अडवत नाही. ती लस नव्हे. दिवसभरात औषध अंगातून निघून जातं आणि पोरगं संध्याकाळी त्याच अंगणात खेळतं.

जगभरातल्या वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध दिल्यानंतर गोल जंताची लागण तीन महिन्यांनी आधीच्या २६ टक्के, सहा महिन्यांनी ६८ टक्के आणि वर्षाने ९४ टक्के इतकी परत आलेली दिसली. म्हणजे आधी १०० पोरांत ५० जणांना जंत असतील, तर औषधानंतर वर्षभरात ते पुन्हा ४७ जणांना. चाबकाचा जंत वर्षात ८२ टक्क्यांपर्यंत परत येतो. आकडीचा थोडा मागे राहतो, ५७ टक्के. हे आकडे एकदा ध्यानात ठेवले की 'मग परत कशाला' याचं उत्तर मिळतं. ज्या गावात जमीन बदलली नाही, तिथे एक फेरी चुकली की मागचं सगळं पाण्यात.

याच गोळीवरून जाणकारांत वादही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. केनियाच्या पश्चिम भागात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी १९९८ पासून ७५ शाळांत जंताच्या गोळीचा प्रयोग केला. शाळेतली गैरहजेरी चौथ्या हिश्शाने कमी झाली, असं त्यांनी २००४ मध्ये मांडलं. क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नंतर त्या आकड्यांची फेरतपासणी होऊन बरीच चर्चा झाली. उलट उत्तर प्रदेशात लखनौभोवतीच्या ७२ ब्लॉकमध्ये सुमारे दहा लाख लहान मुलांवर १९९९ ते २००४ अशी पाच वर्षं दर सहा महिन्यांनी गोळी देऊन पाहिलं. तिथे मुलांच्या वजनात आणि मृत्यूच्या प्रमाणात म्हणावा असा फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. जिथे जंतांचा भार जबर आहे तिथे गोळीने पोर उठून बसतं. जिथे उपासमार आणि जुलाब हेच मोठं दुखणं आहे तिथे गोळी एकटी काही करू शकत नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ महिने ते ५ वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. एवढा सगळा रक्तक्षय जंतांनी झालेला नाही. खाण्यात लोह नाही हे त्याचं मोठं कारण. म्हणून शाळेतली लहान मुलांची गुलाबी आणि मोठ्या मुलामुलींची निळी लोहाची गोळीही तितकीच मन लावून खाल्ली पाहिजे. ती कडवट लागते म्हणून खिडकीतून बाहेर जाते, हे मास्तरांनाही ठाऊक आहे.

भट्टीवर गेलेली पोरं

आपल्या जिल्ह्यात या कार्यक्रमाची खरी गळती इथे आहे. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतात. दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात आणि पाऊस पडायच्या आधी परततात. फेब्रुवारीची फेरी येते तेव्हा वाडीवर म्हातारी माणसं आणि कुत्री. अंगणवाडीच्या पटावर नावं आहेत, मुलं भट्टीवर. आणि भट्टी ज्या गावच्या हद्दीत, तिथल्या अंगणवाडीच्या पटावर या मुलांची नावं नाहीत. दोन पटांच्या मधल्या फटीतून पोर निसटतं.

भट्टीवर संडास क्वचितच असतो. झोपड्यांच्या मागे शेत, तिथेच सगळे जातात, तिथेच पोरं अनवाणी खेळतात, आणि विटांसाठी भिजवलेली माती चोवीस तास ओली. म्हणजे ज्या मुलांना गोळीची सगळ्यात जास्त गरज, तीच फेरीतून सुटतात.

यात नियमाची अडचण नाही. शाळेत न जाणाऱ्या आणि पटावर नाव नसलेल्या मुलांनाही जवळच्या अंगणवाडीत गोळी द्यायची, अशीच कार्यक्रमाची रचना आहे. आधार कार्ड, जन्मदाखला काही लागत नाही. अडचण एवढीच की भट्टीवर कुणी जाऊन सांगत नाही आणि आईला एका दिवसाची खाडी परवडत नाही. भट्टीमालकाने त्या दिवशी आशाताईला फोन केला, तर पंधरा मिनिटांत वीस पोरांचं काम होतं. बांधकामावरच्या मजूर वस्त्यांनाही हेच लागू. वाडीवर राहणाऱ्यांनी ऑगस्टची फेरी चुकवू नये, कारण बऱ्याच मुलांसाठी वर्षातली ती एकच फेरी हाती लागते. ऑगस्टची फेरी झाली नाही किंवा चुकली, तर दिवाळीआधी बिऱ्हाड हलण्यापूर्वी उपकेंद्रात जाऊन गोळी मागून घ्यावी.

भाजी आणि मैला

शेतकऱ्याचा यात थेट संबंध आहे. हार्बर आणि ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गालगत पालक, माठ, मेथी पिकते, ती नाल्याच्या पाण्यावर पिकवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. मैलापाण्यात अंडी असतील तर ती पानावर बसतात. शिजवल्याने मरतात, कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात आपण कच्चीच खातो. वाहत्या पाण्याखाली पान पान सुटं करून तीनदा धुणं हा एकच उपाय. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने माती सुटते, अंडी त्याने मरत नाहीत.

तीच गोष्ट संडासाच्या टाकीतल्या गाळाची. टँकरवाला फुकट टाकतो म्हणून काही जण तो शेतात घेतात. पीक जोमात येतं यात शंका नाही. पण ताजा मैला म्हणजे अंड्यांची पेरणीच. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की तो बंद करून निदान वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवावा. नंतर उपसलेलं खत काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं होतं, ते फळझाडांना घालावं, पालेभाजीला नको.

डुकराच्या मांसातून माणसाला लागणाऱ्या पट्टीच्या जंताची अंडी अशाच भाजीतून पोटात गेली, तर अळी मेंदूपर्यंत जाऊन गाठी होतात आणि फिट येतात. यासाठी डुकराचं मांस खाल्लेलं असावं लागत नाही, माळकऱ्यालाही हे होतं. पोराला पहिल्यांदा फिट आली तर बाहेरची बाधा म्हणून बसू नये, मोठ्या रुग्णालयात न्यावं आणि जंताची गोळी आपल्या मनाने देऊ नये.

या वेळी गोळी नको, दवाखाना

पोट फुगलेलं, हाताला टणक, हिरवी उलटी, शौच आणि वारा दोन्ही बंद. गोल जंतांचा गुंता होऊन आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी घरी गोळी किंवा एरंडेल दिलं तर प्रकरण हाताबाहेर जातं. उलटीतून किंवा नाकातून जंत आला तर घाबरून जाऊ नये, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. तळहात, जीभ, पापणीच्या आतली बाजू पांढरी आणि चार पावलं चालून धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय परत येऊ नये. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, पैसे पडत नाहीत.

फेरी चुकलेल्यांना गोळी उपकेंद्रातही मिळू शकते. औषध दुकानात ती पातळ औषधाच्या रूपातही असते, १० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे एक पूर्ण डोस. बाटली आधी नीट हलवून घ्यावी, औषध तळाशी बसलेलं असतं. दीड वर्षाच्या बाळाला त्यातली अर्धीच. आणि मुलाला शाळेत गोळी मिळून महिना-दोन महिनेच झाले असतील, तर दुकानातून पुन्हा घेण्याआधी डॉक्टरांना ती तारीख सांगावी.